वारूळ आणि कुंभार

विश्व जीवसृष्टीला इतकं अनुकूल कसं, या प्रश्नावरचा वाद आता ठरावीक वळणाने जातो. एक बाजू आकडे पुढे करते. गुरुत्वाकर्षण जरा वेगळं असतं तर आपल्या सूर्यासारखे तारे नसते, केंद्रकीय बल थोडं ढळलं असतं तर कार्बन नसता. हे सगळं आपोआप जुळून येतं का? दुसरी बाजू खांदे उडवते. जुळून आलं म्हणून तर आपण विचारायला आहोत, नसतं आलं तर विचारणाराच नसता, त्यात नवल काय? पहिलीला वाटतं दुसरीने डोळे मिटून घेतले आहेत. दुसरीला वाटतं पहिली देवळाकडे जाणारी मागची वाट शोधते आहे. मग श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा फलक लागतो आणि प्रश्न बाजूलाच राहतो.

विश्वाच्या या अनुकूलतेवरून रचनाकार सिद्ध होत नाही, असं माझं मत आहे. पण ‘हा निव्वळ योगायोग’ हे उत्तरही मला तितकंच पोकळ वाटतं. दोन्ही बाजूंचा व्यवहार एकाच उसन्या भांडवलावर चालतो: विश्व असं असण्याची शक्यता मुळात किती होती, हा आकडा. तो दोघांपैकी कुणाजवळही नाही.

जगाचं कारण काय असावं, याची एक यादी श्वेताश्वतर उपनिषदाच्या पहिल्याच अध्यायात आहे: काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूतं (म्हणजे पंचमहाभूतं), पुरुष. (‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं मला मुळीच सुचवायचं नाही. ते उपनिषद पुढे ही उत्तरं अपुरी ठरवून वेगळ्याच दिशेला जातं.) मला आवडते ती त्या यादीची लांबी. आजच्या वादात तिच्यातली दोनच नावं शिल्लक आहेत, यदृच्छा आणि पुरुष. म्हणजे योगायोग किंवा योजना. स्वभाव कुठे गेला? नियती कुठे गेली? वस्तूचा धर्मच तसा आहे, किंवा ती दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीने बांधलेली आहे, या शक्यता यादीतून कुणी आणि कधी खोडल्या?

आधी विरोधी बाजूचं, म्हणजे योजना मानणाऱ्यांचं, जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते बरंच आहे. ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन तयार होतो. पण दोन जुळल्यावर जे बेरिलियम-८ बनतं ते क्षणभरही टिकत नाही. एका सेकंदाचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर जेमतेम त्यातल्या एका भागापुरतं. तेवढ्यात तिसरं केंद्रक येऊन धडकायला हवं. या हिशोबाने जगात कार्बन नगण्यच असायला हवा होता. १९५३ साली फ्रेड हॉयल यांनी, म्हणजे पुढे जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना माहीत झालेल्या हॉयल यांनीच, उलटा हिशोब मांडला. कार्बन एवढा आहे त्या अर्थी त्याच्या केंद्रकात एका विशिष्ट जागी, सुमारे ७६.५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवर (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप), ही जुळणी सोपी करणारी एक ऊर्जापातळी असली पाहिजे. कॅलटेकमधल्या प्रयोगकर्त्यांनी शोध घेतला आणि ती पातळी सापडली. हॉयल पक्के नास्तिक. पण पुढे त्यांनीही लिहिलं की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केला आहे की काय असं वाटावं, अशी ही परिस्थिती आहे.

उदाहरण एवढं एकच नाही. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा फक्त ०.१४ टक्के जड आहे. पारडं पुरेसं उलट झुकलं असतं, तर साधा हायड्रोजन टिकला नसता आणि मग पाणीही नसतं. आणि सर्वांत मोठा आकडा निर्वात पोकळीच्या ऊर्जेचा. पुंजसिद्धान्तावरून ढोबळ अंदाज केला तर ती ऊर्जा जेवढी यायला हवी, तिच्या तुलनेत विश्वाच्या वाढत्या प्रसरणवेगावरून १९९८ मध्ये जी हाती आली ती एकावर १२० शून्यं इतक्या पटीने कमी आहे. ती अंदाजाएवढी असती तर दीर्घिका बनायच्या आतच सगळं द्रव्य विखरून गेलं असतं. हे आकडे धर्मप्रचारकांनी रचलेले नाहीत, भौतिकशास्त्रज्ञांचे आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून ‘यात समजावून सांगण्यासारखं काही नाही’ म्हणणं हा आळस आहे.

‘तसं नसतं तर आपण नसतो’ हे वाक्य आळसाला फार सोयीचं. तत्त्वज्ञ जॉन लेस्ली यांचा त्यावरचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे आणि तो बिनतोड आहे. देहान्ताची शिक्षा झालेला माणूस भिंतीशी उभा आहे. समोर निष्णात बंदूकधाऱ्यांची रांग. सगळे एकदम गोळ्या झाडतात आणि सगळ्यांचा नेम चुकतो. ‘नेम चुकला नसता तर मी विचार करायला उरलो नसतो, तेव्हा यात विशेष काही नाही’ असं म्हणून तो घरी गेला तर आपण त्याला शहाणा म्हणू का? तो जिवंत असण्यावाचून हा विचार करू शकला नसता, हे खरं. पण नेम का चुकले याचं उत्तर त्यातून मिळत नाही. इथे मी योजनावाद्यांच्या बाजूने आहे.

पण दृष्टान्त जरा उलटा करून पाहू. त्या माणसाला आश्चर्य का वाटतं? कारण बंदूक कशी चालते हे त्याला माहीत आहे, तरबेज नेमबाज किती वेळा चुकतात हे माहीत आहे, आणि माणसं कट करतात, लाच घेतात, दया करतात हेही माहीत आहे. आश्चर्याचं सगळं वजन या आधीच्या माहितीतून येतं. ती काढून घ्या. ज्याने कधी बंदूक पाहिली नाही, नेमबाज पाहिला नाही, ज्याच्यासमोर आयुष्यात एकदाच काही आवाज झाला आणि थांबला, त्याने कटाचा निष्कर्ष काढावा का? विश्वाच्या बाबतीत आपण या दुसऱ्या माणसाच्या जागी आहोत. आपण एकच विश्व पाहिलं आहे, तेही आतून.

हा आक्षेप सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने घेतला होता, तोही कुठल्याही आधुनिक लेखकापेक्षा नेमका. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांचं, म्हणणं असं, की घडा रचलेला दिसतो आणि त्याला कुंभार असतो. डोंगर, देह, पृथ्वी हीही रचलेली दिसतात, म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. धर्मकीर्ती म्हणतो, मग वारूळही मातीचं आहे आणि त्यालाही आकार आहे, तेव्हा तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? घड्यावरून कुंभार ओळखता येतो, कारण घडे आणि कुंभार यांची जोडी आपण पुन्हापुन्हा पाहिलेली असते. ‘रचना’ हा शब्द दोन्हींना लावता येतो एवढ्याने ती जोडी वारुळाला लागू होत नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी नैयायिकांचा पक्ष नव्याने उभा केला. सृष्टीच्या आरंभी अचेतन परमाणू आपले आपण एकत्र कसे येतील, त्यांना जोडणारा चेतन प्रयत्न लागेलच, हा त्यांचा ‘आयोजना’चा युक्तिवाद. आजच्या सूक्ष्म जुळवणीच्या युक्तिवादाचा सांगाडा जवळजवळ हाच आहे, फक्त परमाणूंच्या जागी स्थिरांक, म्हणजे निसर्गनियमांतले न बदलणारे आकडे, आले. धर्मकीर्तीचं वारूळ मात्र जागचं हललेलं नाही.

आता त्या शक्यतेच्या आकड्याकडे येऊ. ‘हे होण्याची शक्यता कोटीत एक’ असं म्हणायला दोन गोष्टी लागतात. ती किंमत कुठपासून कुठपर्यंत बदलू शकली असती, आणि त्या पल्ल्यात प्रत्येक किंमतीला किती संधी होती. फाशाला सहा बाजू आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. गुरुत्वाच्या स्थिरांकाला किती बाजू आहेत? जर तो शून्यापासून अनंतापर्यंत काहीही असू शकत असेल आणि सगळ्या किंमतींना सारखीच संधी असेल, तर जीवसृष्टीला चालणारा टप्पा कितीही रुंद असला तरी त्याचा वाटा शून्यच येतो. एक ते दोनमधला टप्पा चालत असेल तरी शून्य, एक ते कोटीमधला चालत असेल तरी शून्य. म्हणजे जुळवणी अतिशय नाजूक असो वा अगदी ढिली, हा युक्तिवाद तेवढ्याच जोरात ‘अशक्य!’ म्हणून ओरडणार. जो तराजू पिसालाही मणाचं वजन दाखवतो त्यावर माल कोण तोलेल? यावर उत्तर दिलं जातं की निर्वात ऊर्जेच्या बाबतीत सिद्धान्तच पल्ला ठरवून देतो. ते मान्य, आणि म्हणूनच तो आकडा बाकीच्यांपेक्षा गंभीर आहे. पण हिशोब १२० शून्यांनी चुकला तर आपण पहिला संशय कुणाचा घेतो, हिशोबाचा की जगाचा?

शिवाय ही ‘जरा बदलून पाहा’ची गणितं बहुतेक वेळा एकच खुंटी पिळून केलेली असतात. हॉयल यांच्या त्या पातळीचंच घ्या. ती तसूभर सरकली तर संपलं, असं वर्णन सर्रास ऐकू येतं. १९८९ मध्ये मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांची गणितं प्रत्यक्ष करून पाहिली, तेव्हा ती पातळी ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टनी वर नेली तरी कार्बनच्या उत्पादनात फारसा फरक पडेना. त्याहून बरीच वर नेली की कार्बन झपाट्याने घटतो, हेही त्याच गणितात दिसतं. म्हणजे मर्यादा आहे, पण ती केसाएवढी नाही. २००६ मध्ये तिघा भौतिकशास्त्रज्ञांनी तर चार मूलभूत बलांपैकी क्षीण केंद्रकीय बल अजिबातच नसलेल्या विश्वाचा हिशोब मांडला, आणि इतर काही राशी जुळवून घेतल्या तर तिथेही तारे पेटतात, मूलद्रव्यं बनतात असं दाखवलं. ‘इतर राशी जुळवून घेतल्या’ म्हणजे पुन्हा जुळवणीच, असा टोला यावर येईल. तो योग्य आहे. पण त्यातून एवढं तर कळतंच की जगण्याजोग्या विश्वांचा नकाशा आपण अजून काढलेला नाही; आपण आपल्या घराभोवती चार पावलं टाकून सगळं वाळवंट असल्याचं जाहीर केलं आहे.

इतिहासात असं आधी झालं आहे. ग्रह सहाच का आणि त्यांची अंतरं अशीच का, हा केप्लरला विश्वरचनेचा गाभा वाटला. १५९६ मध्ये त्याने पाच सुसम घनाकृती एकात एक बसवून त्याचं देखणं उत्तर दिलं. आज आपल्याला माहीत आहे की ती अंतरं सूर्यमालेच्या घडणीतून आली, दुसऱ्या ताऱ्याभोवती ती वेगळी असतात. पण मला त्याहून बोधक वाटतो तो आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचं तत्त्व शोधणारा हा माणूस, साधासुधा भाविक नव्हे. १९०३ मध्ये त्याने त्या काळच्या सर्वोत्तम खगोलशास्त्राच्या आधारे मांडलं की सूर्य तारकाविश्वाच्या मध्याजवळ आहे, जीवसृष्टीला लागणारी स्थिर परिस्थिती मध्याजवळच मिळू शकते, आणि हे जुळणं निव्वळ योगायोगाने होणं कठीण आहे. युक्तिवाद नीट बांधलेला होता. १९१८ मध्ये हार्लो शॅप्ली यांनी गोलाकार तारकागुच्छांचं स्थान मोजलं आणि सूर्य मध्यापासून फार दूर निघाला. वॉलेसच्या तर्कात चूक सापडली असं झालं नाही. ज्या गोष्टीचं नवल करायचं तीच नाहीशी झाली.

उलट बाजूचंही एक उदाहरण देतो, कारण ‘आपण आहोत म्हणून असं दिसतं’ हे उत्तर नेहमीच आळशी नसतं. हायड्रोजनच्या अणूतलं विद्युतबल गुरुत्वबलाच्या किती पट आहे हे काढलं तर साधारण एकावर ३९ शून्यं येतात. विश्वाचं वय अणूच्या मापाने मोजलं तरी जवळपास तोच आकडा. १९३७ मध्ये पॉल डिरॅक यांना यात निसर्गाचा खोल नियम दिसला आणि त्यासाठी त्यांनी गुरुत्वाकर्षण काळानुसार क्षीण होत असल्याचं सुचवलं. १९६१ मध्ये रॉबर्ट डिकी यांनी ही गाठ सोडवली. तारे किती काळ जळतात ते याच बलांच्या गुणोत्तरावर ठरतं. कार्बन तयार होण्याइतपत वय झाल्यावर आणि सगळे तारे विझण्याआधी, एवढ्याच काळात मोजणारं कुणी असू शकतं. तेव्हा आकडे जुळणारच. हे उत्तर का चालतं? कारण विश्वाला खरोखरच अनेक वयं असतात, त्यातल्या एका टप्प्यावर आपण आहोत. पृथ्वी सूर्यापासून नेमक्या अंतरावर कशी, यालाही हेच उत्तर चालतं, कारण परक्या ताऱ्यांभोवतीचे पाच हजारांहून अधिक ग्रह आता सापडले आहेत. निवड म्हणायची तर आधी ढीग हवा.

स्थिरांकांसाठी असा ढीग पुरवतं ते बहुविश्व, म्हणजे आपल्याखेरीज इतरही असंख्य विश्वं असल्याची कल्पना. आंद्रेई लिंडे आणि अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या अखंड फुगवट्याच्या कल्पनेत विश्वांचे बुडबुडे अव्याहत निघत राहतात, आणि मूलकणांना सूक्ष्म तंतूंची कंपनं मानणाऱ्या तंतुसिद्धान्तात त्यांच्यासाठी एकावर ५०० शून्यं इतक्या प्रकारचे नियम असू शकतात असा अंदाज आहे. हे कुणी ईश्वराला टाळण्यासाठी रचलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये याच धर्तीच्या विचाराने सांगितलं होतं की निर्वात ऊर्जा दीर्घिका बनू देण्याइतकी लहान असावी, पण अगदी शून्य असण्याचं कारण नाही. अकरा वर्षांनी ती शून्य नसल्याचं दिसलं. योजनावाद्यांकडे याच्या तोडीचं भाकीत नाही. तरीही अनंत विश्वांमध्ये ‘बहुतेक’ आणि ‘क्वचित’ हे शब्द मोजायचे कसे, यावर बहुविश्ववाल्यांचं आपसात एकमत नाही. तो हरवलेला आकडा त्यांच्याही खिशात नाही. माझ्या मते हे उत्तर योजनेपेक्षा एक पायरी वर आहे, पण एकच.

आणि योजनेचं काय? तिच्यावरचा माझा खरा आक्षेप शक्यतेच्या गणिताचा नाही. ती कशालाच नाही म्हणत नाही, हा आहे. समजा उद्या असं दिसलं की आपल्या नियमांत कार्बन बनूच शकत नाही आणि तरीही आपण जिवंत आहोत. योजनावादी काय म्हणतील? बघा, साक्षात चमत्कार! नियम अनुकूल निघाले तरी रचनाकार, प्रतिकूल निघाले तरी रचनाकार. खरं तर दुसरा पुरावा पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम ठरला असता. ऊर्जापातळी नेमकी बसवण्याची गरज त्याला, ज्याला कार्बनसाठी ताऱ्याची भट्टी लागते. सर्वशक्तिमानाला ती कशाला लागावी? ग्रहांची घडी विस्कटत जाईल आणि ईश्वराला ती अधूनमधून नीट करावी लागेल असं न्यूटन म्हणाला, तेव्हा १७१५ मध्ये लाइब्निट्झने त्याची टर उडवली होती: हा कसला घड्याळजी, ज्याला स्वतःच्या घड्याळाला किल्ली देत बसावं लागतं? लाइब्निट्झ नास्तिक नव्हता. रचनाकार नाकारणं म्हणजे धर्म नाकारणं, हे समीकरणच मुळात कच्चं आहे. वेदप्रामाण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या कुमारिल भट्टाने जगाचा कर्ता नाकारला, आणि तोही यज्ञधर्माच्या रक्षणासाठी.

आमच्या बाजूचा एक लाडका मुद्दाही मला इथे काढून टाकावासा वाटतो. विश्व बहुतांशी रिकामं, थंड, जीवघेणं आहे, मग ते जीवसृष्टीसाठी कसलं, असं विचारलं जातं. सरासरी काढली तर नेहमीच्या द्रव्याचा चार घनमीटरमागे साधारण एक प्रोटॉन, इतकं ते विरळ आहे हे खरं. पण डिकी यांचाच धडा लावला तर कार्बन शिजायला अब्जावधी वर्षं लागतात आणि १३८० कोटी वर्षं प्रसरण पावलेलं विश्व मोठं आणि विरळच असणार. हा मुद्दा टाळ्या मिळवतो, पण सिद्ध काही करत नाही.

राहिली ती यादीतून गळालेली नावं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रकाशाचा वेग आणि वीज-चुंबकत्वाचे स्थिरांक या वेगवेगळ्या खुंट्या होत्या. १८६० च्या दशकात मॅक्सवेलच्या समीकरणांतून प्रकाशाचा वेग आपोआप बाहेर पडला आणि एक खुंटी कमी झाली. कुणी ती पिळलेली नव्हती, ती मुळात स्वतंत्र नव्हती. आजच्या कणभौतिकीच्या प्रमाण प्रारूपात, म्हणजे मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धान्तात, अशा सुमारे १९ खुंट्या उरल्या आहेत, न्यूट्रिनोंची वस्तुमानं धरली तर आणखी काही. त्यातल्या किती खरोखर सुट्या आहेत? सगळ्या एकाच नियमात बांधलेल्या निघाल्या, तर ‘इतक्या गोष्टी एकाच वेळी जुळल्या कशा’ या प्रश्नातला ‘इतक्या’ गळून पडेल. तरीही तो एकच नियम जीवसृष्टीला चालणारा का, असं विचारता येईलच, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो प्रश्न शक्यतेचा नसेल. कोटीत एक, अब्जात एक ही भाषा तिथे चालणार नाही.

सध्या सर्वांत जास्त मिरवला जाणारा आकडा, तो १२० शून्यांचा, एका गोष्टीवर उभा आहे: निर्वात ऊर्जा खरोखरच स्थिरांक आहे, तिची किंमत एकदा ठरली ती ठरली. ॲरिझोनातल्या किट पीक इथल्या दुर्बिणीवरून चालणाऱ्या डेसी या सर्वेक्षणात दीर्घिकांची अंतरं मोजून प्रसरणाचा इतिहास काढला जातो. एप्रिल २०२४ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये त्या गटाने जाहीर केलेल्या निष्कर्षांत असे संकेत आहेत की प्रसरणाला वेग देणारी ही ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी, हल्लीच्या काळात क्षीण होत असावी. शोध म्हणायला लागणारी खात्री त्यांना अजून गाठता आलेली नाही, आणि पुढच्या मोजणीत हा संकेत विरूनही जाऊ शकतो. तो टिकला, तर ती किंमत कुणी ‘बसवली’ असं विचारण्याआधी कुठल्या काळातली किंमत, हे विचारावं लागेल.